दोरा तुटू न देता: ताई चीतला यांग घराण्याचा लांब फॉर्म कसा शिकावा

शांघायच्या फूशिंग पार्कात माझ्या ताई चीच्या बाईंनी पहिले तीन आठवडे मला एकही हात शिकवला नाही. पहिल्याच सकाळी पिशवीतून शिवणाच्या दोऱ्याचं रीळ काढलं, एक टोक माझ्या मनगटाला बांधलं, दुसरं स्वतःच्या मनगटाला, आणि त्या मागे सरकायला लागल्या. मी त्यांच्या मागून पुढे जायचं. दोरा तुटला तर माझी चूक, लोंबला तरी माझीच चूक. मी हसलो, कारण हे काम मी लहानपणापासून बघत आलो होतो. मी इचलकरंजीचा. वडील जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, घराच्या मागच्या शेडमध्ये आठ माग. सुताला ताण किती द्यायचा हे आमच्याकडे बोटाला कळावं लागतं. तरी त्या सकाळी मी दोरा नऊ वेळा तोडला.

२००९ ते २०१३ मी शांघायला होतो, माग बनवणाऱ्या एका कंपनीत, भारतातल्या गिऱ्हाइकांची कामं बघायला. बाई तिथल्या सूतगिरणीतून निवृत्त झालेल्या. त्यांना मराठी येत नव्हतं आणि माझं चिनी भाजीवाल्यापुरतं. ‘मान मान’ म्हणजे हळू, ‘बू द्वे’ म्हणजे चुकलं, ‘सोंग’ म्हणजे सैल सोड. एवढ्या तीन शब्दांवर आमची शाळा चालली. चिनी जुन्या ग्रंथात एक ओळ आहे: चाल मांजराची, आणि जोर कोशातून रेशीम ओढल्यासारखा. झटका दिलात तर रेशीम तुटतं, थांबलात तर गुंता होतो. पुढचं सगळं ह्या ओळीचंच टीपण समजा. ज्यांना घरी, गच्चीवर, फारशी मदत नसताना शिकायचंय त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी घराणं ठरवा

ताई ची ही चिनी युद्धकला, आणि तिचा फॉर्म म्हणजे ठरलेल्या क्रमाने सलग करायच्या हालचालींची माळ. तिचीही गाण्यासारखी घराणी आहेत. मूळ हेनान प्रांतातल्या वन तालुक्यातलं छनच्यागौ हे गाव. तिथल्या छन कुटुंबाकडून यांग लूछान (१७९९–१८७२) शिकला आणि पुढे बीजिंगमध्ये जाऊन शिकवायला लागला. त्याचा नातू यांग छंगफू (१८८३–१९३६) ह्याने फॉर्ममधल्या उड्या, पाय आपटणं, अचानक जोर सोडणं काढून टाकलं आणि सगळं एका लयीत आणलं. आयुष्याच्या शेवटी तो शांघायमध्येच होता, म्हणून त्या शहरातल्या बागांत त्याच्या वळणाचा फॉर्म करणारे भरपूर भेटतात. छन घराण्यात अजूनही हळू-जलद अशी लाट असते, सर्पिल वळसे असतात, मधेच फटका असतो. बघायला ते जास्त रंगतदार. पन्नाशीच्या गुडघ्यांना मात्र मी यांगच सुचवेन.

बहुतेक क्लासमध्ये जो चोवीस हालचालींचा फॉर्म शिकवतात तो १९५६ साली चीनच्या सरकारी क्रीडा आयोगाने यांग फॉर्ममधून निवडून, आटोपशीर करून बनवला. पाच-सहा मिनिटांत संपतो. वाईट अजिबात नाही. पण तो निवडक पदांचा संच आहे आणि मी इथे अख्ख्या रागाबद्दल बोलतोय. लांब फॉर्मला कुणी ८५ हालचालींचा म्हणतं, कुणी १०३, कुणी १०८. घाबरू नका, फॉर्म एकच, मोजणी वेगळी. परत येणाऱ्या हालचाली धरायच्या की नाही, एका हालचालीचे तुकडे किती करायचे, एवढाच फरक. पूर्ण व्हायला वीस ते पंचवीस मिनिटं लागतात. नवीन शिकणाऱ्याचा बारा मिनिटांत होतो, आणि तीच त्याची खूण.

फॉर्मचे तीन भाग असतात. पहिला छोटा, दुसरा मधला, तिसरा सगळ्यात लांब. मला पहिल्याला पाच महिने लागले, दुसऱ्याला आठ, तिसऱ्याला वर्षाच्या वर. बागेतला एक हाँगकाँगवाला तरुण तीन महिन्यांत सगळा फॉर्म पाठ करून मोकळा झाला होता. बाई त्याच्याकडे बघून फक्त चहा पीत.

पाय, आणि फक्त पाय

जागा: पंधरा फूट लांब, आठ फूट रुंद असली की भागतं. लांबी महत्त्वाची, कारण फॉर्म बहुतेक एका ओळीत इकडून तिकडे जातो. बूट पातळ, सपाट तळव्याचे घ्या. पळायचे जाड उशीवाले बूट नकोत, त्यांत वळताना घोटा हेलकावतो. गुळगुळीत फरशीवर मोजे तर मुळीच नकोत.

पहिला आठवडा नुसतं उभं राहायचं. पावलं खांद्याएवढ्या अंतरावर समांतर, गुडघे किंचित सोडलेले, हात पोटासमोर मोठी घागर कवळल्यासारखे. पाच मिनिटं. दुसऱ्या मिनिटाला खांदे वर चढलेले सापडतील. ते खाली सोडायचे, पुन्हा चढतात, पुन्हा सोडायचे. ‘सोंग’ म्हणजे मरगळ नाही. मागाच्या बीमवर, म्हणजे सूत गुंडाळायच्या लाटेवर, ताणा (उभं सूत) जसा सारखा बसतो, एकही सूत ढिलं नाही आणि एकही ताठ नाही, तसं.

मग पाऊल. ह्याला चिनीत ‘गोंग बू’ म्हणतात, धनुष्यासारखी उभी राहणी: पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय लांब पण कुलूप न लावलेला, मागचं पाऊल साधारण पंचेचाळीस अंशांत बाहेर. नवीन माणूस दोन्ही टाचा एका रेषेत आणतो, तारेवर चालल्यासारखा, आणि मग डुलत बसतो. आमच्या गच्चीवर शहाबादी फरशी आहे, तिच्या सांध्यांची रेषा मला फार उपयोगी पडली. उजवी टाच रेषेच्या उजवीकडे वीतभर, डावी टाच डावीकडे वीतभर. पावलं दोन रुळांवर चालली पाहिजेत.

पाऊल किती लांब टाकायचं? ह्यावर बाईंची एक परीक्षा आहे आणि मला अजून तिच्याहून चांगली मिळालेली नाही. पुढे टाच टेकवा, पण वजन सगळं मागेच ठेवा. आता ती टाच परत उचला. धड न हलता, मागे न झुकता उचलता आली तर पाऊल तुमच्या मापाचं. हिसका द्यावा लागला तर लांब टाकलंत. अहंकार इथेच पहिल्यांदा उघडा पडतो, कारण व्हिडिओतल्या उस्तादाचं पाऊल साडेतीन फुटांचं असतं आणि आपलं निघतं पावणेदोन.

टाच टेकली, मग तळवा पसरला, मग वजन सरकलं. हा क्रम कधी मोडायचा नाही. वजन सरकताना डोकं एकाच उंचीवर राहतं की नाही हे तपासायला मी कपडे वाळत घालायची दोरी केसांच्या जेमतेम वर बांधली आणि तिच्याखालून गच्चीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिलो. केसांना दोरी लागली की समजायचं, गुडघे सरळ झाले. सौ.ने दोन दिवस सहन केलं, तिसऱ्या दिवशी म्हणाली, “अहो, तुमची ताई ची झाली असेल तर माझ्या साड्या घालू का?”

आता गुडघा. ताई ची करून गुडघे दुखले असं सांगणारे खूप भेटतात आणि त्यांतल्या बहुतेकांचं कारण दोनांपैकी एक असतं. पहिलं, पुढचा गुडघा पावलाच्या दिशेत नसतो, आत पडतो. खाली नजर टाकली तर बुटाचं टोक दिसलं पाहिजे, आणि गुडघा मधल्या बोटांच्या रोखाने हवा. दुसरं, पूर्ण वजन असलेला पाय जागच्या जागी पिळून वळवायचा. जुने काही शिक्षक वजन ठेवून पाय वळवतात, बाई स्वतः वळवायच्या, पण मला त्यांनी ते करू दिलं नाही. मागे बसा, म्हणजे वजन मागच्या पायावर घ्या, पुढच्या पायाचा चवडा उचला, कमरेखालच्या सांध्यातून अख्खा पाय वळवा, ठेवा, मग वजन द्या. त्या सांध्याला ते ‘ख्वा’ म्हणतात, आपण खुबा म्हणू. जॉबरच्या भाषेत सांगायचं तर वळण्याचं बेअरिंग खुब्यात आहे. गुडघा साधी बिजागरी आहे, दार उघडतं-मिटतं तेवढंच तिचं काम. बिजागरी पिळलीत तर स्क्रू निघणारच. माझा डावा गुडघा दुसऱ्या वर्षी दीड महिना सुजला होता. बाई गावी गेल्या होत्या आणि मी उत्साहात व्हिडिओवरून ‘साप खाली उतरतो’, म्हणजे एका पायावर खोल खाली बसायची हालचाल, स्वतःच शिकून ठेवला. ज्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय किंवा ज्यांना चक्कर येते, त्यांनी सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा आणि गुडघे निम्मेच वाकवा. उंच उभं राहून केलेला फॉर्म हा कमी प्रतीचा नसतो.

चिमणीची शेपूट

पहिली खरी हालचाल, ‘लान छ्वे वेई’, पक्ष्याची शेपूट धरणे. यांग फॉर्मचं सगळं बियाणं हिच्यात आहे. चार ताकदी एकामागून एक येतात. ‘पंग’: बाहू गोल करून समोर येणं, फुगलेल्या चेंडूसारखं, ढकलणं नाही. ‘ल्यू’: समोरच्याचा जोर आपल्या बाजूने मागे वळवून जाऊ देणं, कंबर वळते आणि हात तिच्याबरोबर जातात. ‘जी’: एका मनगटाला दुसऱ्या हाताचा आधार देऊन पुढे दाब. ‘आन’: मागे बसून हात मोकळे करायचे आणि दोन्ही तळव्यांनी पुढे.

शिकायची रीत अशी. आधी हात पाठीमागे बांधून फक्त पाय आणि कंबर, वीस वेळा. मग खुर्चीत बसून फक्त कंबर आणि हात. मग दोन्ही एकत्र. एकत्र केल्यावर पहिल्यांदा सगळं विस्कटतं, ते ठरलेलंच आहे. हात आपले आपले फिरत नाहीत ना, हे बघायचं: कंबर थांबली की हातही थांबलेला असला पाहिजे. मला हे पटायला फार वेळ लागला, कारण माग चालवणाऱ्याचे हात आयुष्यभर एकटे काम करत आलेले असतात.

‘पंग’ बरोबर जमलाय का हे एकट्याला कळत नाही. घरच्या कुणाला तरी बाहूवर तळहात ठेवून हळूहळू जोर वाढवायला सांगा. बाहू छातीवर कोसळला तर तो रिकामा, खांदा वर उचलला गेला तर ताठ. जोर मागच्या टाचेखाली उतरल्यासारखा वाटला की ठीक. सौ. ह्या परीक्षेला नेहमी तयार असते आणि गरजेपेक्षा जास्त जोर लावते.

यांग छंगफूने सांगितलेली आणि त्याच्या शिष्याने उतरवून घेतलेली दहा सूत्रं आहेत: माथा वरून टांगल्यासारखा, खांदे खाली, कोपरं जड, भरलेला पाय आणि रिकामा पाय वेगळा ओळखणं, वगैरे. दहाही एकदम पाळायला जाऊ नका. आठवड्याला एक घ्या आणि त्या आठवड्यात बाकी नवाकडे दुर्लक्ष करा. मी तर कोपरांवर दोन महिने काढले.

श्वासाबद्दल: काही करू नका. नाकाने, जसा येतो तसा. श्वास मोजत हालचाल करणारे लवकर दमतात आणि चेहरा गंभीर करतात.

जंक्शनवर गाडी चुकते

नवीन हालचाल आठवड्याला एकच. पण ती सुटी शिकू नका, आधीच्या हालचालीच्या शेपटापासून धरा. मागावर नवा बीम चढवताना जुन्या सुताची टोकं नव्याला सांधतात, कापड सलग पुढे निघतं. सांधा कच्चा राहिला तर तिथेच तुटतं. फॉर्ममध्येही चूक हालचालीत क्वचित होते, दोन हालचालींच्या सांध्यात होते.

दुसरी अडचण अशी की रोज पहिल्यापासून सुरू केलं की पहिला भाग गुळगुळीत होतो आणि तिसरा जन्मभर कच्चा राहतो. म्हणून आठवड्यातले दोन दिवस मी मधूनच सुरू करतो, तेही त्या आठवड्यात जिथे अडखळलो तिथून.

आणि जंक्शनं. ‘दान ब्येन’, म्हणजे एकेरी चाबूक, एका हाताची बोटं चोचीसारखी मिटलेली आणि दुसरा तळवा पुढे: ही हालचाल लांब फॉर्ममध्ये दहाच्या आसपास वेळा येते आणि प्रत्येक वेळी पुढची गाडी वेगळ्या गावाला जाते. आमचं मिरज जंक्शन तसं. पहिल्या भागात तिच्यानंतर हात वर उचलायचे असतात. दुसऱ्या भागात तिच्यानंतर ‘युन शौ’, ढगांचे हात. आणि ढगांनंतर पुन्हा चाबूक आला की त्यापुढे घोड्याची मान थोपटायची. तिसऱ्या भागात तिरपा चाबूक झाला की रानघोड्याची आयाळ विंचरायची, तर दुसऱ्या भागात त्याच तिरप्या चाबकापुढे कोपराखालची मूठ. साप खाली उतरतो दोनदा. पहिल्यांदा त्यातून उठून सोन्याचा कोंबडा एका पायावर उभा राहतो, दुसऱ्यांदा सप्तर्षी.

सगळ्यात फसवं जंक्शन हात ओलांडून उभं राहण्याचं. पहिला भागही त्यावर संपतो, दुसराही, आणि दोन्हींनंतर वाघाला कवळून डोंगराकडे परतायचं असतं. एका थंडीच्या सकाळी मी दुसऱ्या भागाच्या शेवटी आलो, वाघ कवळला आणि नकळत परत दुसऱ्याच भागाच्या सुरुवातीला लागलो. शेवटी पुन्हा तेच. बाईंनी थांबवलं नाही. चाळीसेक मिनिटांनी माझ्या लक्षात आलं तेव्हा त्या बाकावर बसून संत्रं सोलत होत्या. तेव्हापासून मी वहीत फक्त जंक्शनं लिहितो: कितवा चाबूक, पुढे काय. हालचालींचं वर्णन लिहून काही उपयोग होत नाही, माझ्या पहिल्या वहीची साठ पानं त्यात गेली.

शिक्षक जवळ नसेल तर व्हिडिओ पाठीमागून काढलेला निवडा. समोरून काढलेल्यात डावं-उजवं उलटतं आणि वळणांत डोकं फिरतं. पूर्ण यांग लांब फॉर्म एकाच माणसाचा घ्या आणि त्याला धरून राहा. चार जणांचे चार तपशील एकत्र केले की कुणाचाच फॉर्म उरत नाही. जुन्या पुस्तकांत सुरुवात दक्षिणेकडे तोंड करून असते. घरी एक भिंत दक्षिण मानून घ्या आणि ती बदलू नका, म्हणजे कोपरे कळतात. वर्षातून चार-पाच दिवस तरी खऱ्या शिक्षकापुढे उभं राहा, प्रवास करावा लागला तरी. व्हिडिओ तुम्हाला ‘बू द्वे’ म्हणत नाही.

कोपऱ्यांचं काम पडतं ते ‘यू न्यू छ्वान स्वो’मध्ये. ह्या हालचालीचं नाव बाईंनी सांगितलं तेव्हा मला शब्द कळला नाही. मग त्यांनी बोटांनी इकडून तिकडे काहीतरी सरकवून दाखवलं आणि मी मोठ्याने मराठीत ओरडलो, “धोटा!” बागेतली माणसं बघायला लागली. धोटा म्हणजे मागात आडवं सूत इकडून तिकडे नेणारा लाकडी तुकडा; रूपसुंदरी धोटा फेकते, असं त्या हालचालीचं नाव. एक हात कपाळाच्या वर छपरासारखा, दुसरा त्याच्याखालून पुढे सरकतो, तिरप्या चार दिशांना चार वेळा. ह्यात दोन वेळा पाऊण गिरकी घ्यावी लागते आणि तिथेच तोल जातो. गिरकी एका दमात मारायला जाऊ नका. आधी बसा, चवडा जितका आत वळेल तितका वळवा, त्या पायावर वजन घ्या, मगच दुसरा पाय उचलून नव्या कोपऱ्यात टाच टेकवा. पाय पुरेसा आत वळला नाही तर तिसऱ्या कोपऱ्यात पोचेपर्यंत गुडघा तक्रार करतो. आणि पुढचा हात धोट्यासारखा भिरकावू नका. धोट्याच्या मागून जे सूत उलगडत येतं, हात त्याच्यासारखा जायला हवा.

वेळेचा हिशोब ठेवा. मी महिन्यातून एकदा मोबाइलवर तिन्ही भागांची मिनिटं लिहितो. सध्या पहिल्याला चार, दुसऱ्याला आठ, तिसऱ्याला दहा. तिसरा आठावर आला की मला कळतं की मी शेवटच्या वाफाळत्या चहाकडे पळतोय.

हल्ली गच्चीवर सकाळी साडेपाचला करतो. शेजारच्या शेडमध्ये रात्रपाळीचे माग चालू असतात, साधे धोट्याचे, मिनिटाला शंभरावर पिका, म्हणजे धोट्याच्या खेपा. मला वाटायचं, ह्या आवाजाची सवय असल्याने मला त्याचं काही नाही. मागच्या बुधवारी तिसऱ्या भागात, ढगांच्या हातांत असताना, बत्ती गेली. सगळे माग एकदम थांबले. आणि त्या शांततेत माझे हात आणखी दोन-तीन ढग तसेच भराभर फिरवत राहिले, खटक् खटक्, मागाच्या ठेक्यावर.

थांबलो. दोऱ्याचं रीळ खाली शिवणाच्या डब्यात असतं. जिन्यातून अंधारात चाचपडत गेलो, एक टोक मनगटाला बांधलं, दुसरं कठड्याच्या गजाला, आणि लाइट येईपर्यंत नुसतंच पुढे-मागे केलं. दोनदा तुटला.